मानेतील गाठ : आधी तिचे नाव कळू द्या

मानेला गाठ आली म्हणून दवाखान्यात येणारी माणसे दोन तऱ्हेची असतात. काही जण गाठ हाताला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात. काही जण सहा-आठ महिन्यांनी येतात, तेही गाठ फुटून सदऱ्याच्या कॉलरला डाग पडू लागले म्हणून. गंमत अशी, की दोघांच्याही मनात तोच एक शब्द असतो आणि तो उच्चारायची हिंमत दोघांनाही होत नाही. शेवटी सोबत आलेला कोणीतरी नातेवाईक खुर्ची पुढे ओढून हळूच विचारतो, ‘‘डॉक्टर, तसलं काही नाही ना?’’

‘तसलं काही’ असण्याची शक्यता थोडी असते. पण ‘काहीच नाही’ आणि ‘तसलं काही’ यांच्यामध्ये पुष्कळ गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक बऱ्या होणाऱ्या आहेत. ती गाठ कसली आहे हे ठरल्याशिवाय घाबरणेही व्यर्थ आणि औषध घेणेही व्यर्थ, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी या गाठी असतात कशाच्या ते पाहू. आपल्या शरीरात सुमारे सहाशे लसिकाग्रंथी आहेत. त्यांना शरीरातल्या पोलीस चौक्या म्हणता येईल. त्यांतल्या पुष्कळशा चौक्या एकट्या मानेत आहेत, कारण नाक, तोंड आणि घसा हे जंतूंचे येण्याचे मुख्य दरवाजे. पायाला ठेच लागून ती पिकली की जांघेत अवधाण येते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मानेचे तसेच. दाढ किडली, टॉन्सिल सुजले, कान वाहू लागला, डोक्यात फोड किंवा उवा झाल्या, की त्या त्या भागातली चौकी सावध होते आणि फुगते. डोक्यातल्या उवा-फोडांची गाठ मानेच्या मागच्या बाजूला, दाढेची जबड्याखाली, टॉन्सिलची जबड्याच्या कोनाशी.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. दंगल शमली तरी चौकी नेहमीच पूर्वीइतकी लहान होत नाही. हरभऱ्याएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच राहते. लहान मुलांत तर ही नित्याची बाब आहे. धडधाकट, खेळकर अशा दहा मुलांच्या माना मी चाचपल्या तर त्यांतल्या कितीतरी मुलांना अशा गाठी सापडतील. ‘टिकून आहे’ एवढ्यावरून गाठ वाईट ठरत नाही. ती वाढते आहे का, कशी लागते, कुठे आहे आणि बाकी अंगात काय चालले आहे, हे पाहावे लागते.

आता त्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे वळू. माझ्याकडे एक तरुण येत असे. पोरगा हुशार, किराणा दुकानाचा सगळा हिशेब तोंडपाठ. जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ. दिवसातून वीस वेळा तो ती तीन बोटांनी दाबून पाहायचा. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना एक हात गल्ल्यात आणि दुसरा मानेवर! सतत दाबल्यामुळे ती जागा हुळहुळी झाली, मग ‘आता दुखायलाही लागली’ म्हणून आणखी घबराट. मोबाईलवर वाचून झालेच होते. पुढे त्याला दुसऱ्या बाजूलाही ‘गाठ’ सापडली. ती होती थुंकीची ग्रंथी, जी प्रत्येकाला जबड्याखाली दोन्ही बाजूंना असते. एका गृहस्थांनी मला कंठाच्या वर असलेल्या हाडाचे टोक गाठ म्हणून दाखवले होते. शोधायला बसले की मानेत बरेच काही सापडते.

या भीतीला मी हसत नाही. घरात कोणी कर्करोगाने गेलेले असेल तर ती असणारच. पण ‘काळजी करू नका’ असे म्हणून ती जात नाही, हाही माझा अनुभव आहे. अशा माणसाला मी एक काम देतो. गाठीला रोज हात लावायचा नाही. पंधरा दिवसांनी एकदा, घरातल्या एकाच माणसाने पाहायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे : वाटाणा, हरभरा, बोर, सुपारी. सेंटिमीटर आपल्या डोळ्यांपुढे येत नाहीत, हरभरा येतो. हरभऱ्याएवढी गाठ साधारण एक सेंटिमीटरच्या आतली. दोन-तीन नोंदी सारख्या आल्या की माणूस आपोआप शांत होतो. वाढत गेल्या, तर मला तारखेसह माहिती मिळते. त्या तरुणाच्या गाठीचे शेवटी सुईने पाणी तपासले, साधी सूज निघाली, आणि त्यानंतर त्याचा हात मानेवरून उतरला. गाठ अजून आहे.

किती दिवस वाट पाहावी? दाढ, घसा, फोड असे कारण दिसत असेल तर त्याचा उपचार करून तीन ते चार आठवडे थांबायला हरकत नाही. मात्र काही गाठींबाबत एक आठवडाही दवडू नये. गळपट्टीच्या, म्हणजे कॉलरच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ. दगडासारखी टणक, खालच्या मांसाला चिकटलेली गाठ. सुपारीएवढी झालेली किंवा भराभर वाढणारी गाठ. गाठीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, उशी भिजवणारा रात्रीचा घाम किंवा वजनात घट. साठ किलोचा माणूस सहा महिन्यांत काही न करता चोपन्नवर आला, तर त्याला ‘उन्हाळ्याने उतरला’ म्हणू नये. आणि चाळिशीपुढच्या, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाची गाठ. तिथे मान पाहण्याआधी तोंड उघडून पाहावे लागते. गालाच्या आत, जिभेखाली, दाढेमागे बरी न होणारी जखम असते आणि तिचा निरोप मानेत पोचलेला असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुड्या कुठे मिळतात हे मला विचारू नका, ते शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

आता मुख्य विषय. आपल्या देशात मानेतल्या टिकून राहणाऱ्या गाठींचे एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. जुन्या बायका ज्याला गंडमाळा म्हणत ती हीच. मण्यांच्या माळेसारख्या एकमेकींना चिकटलेल्या गाठी, फारशा न दुखणाऱ्या, हळूहळू मऊ होऊन फुटणाऱ्या. एकेकाळी त्यांवर गूळ-चुन्याचा लेप, बिब्बा, तापल्या सळईचा डाग असे उपाय होत. बिब्बा उतून सगळी मान भाजलेली माणसे मी माझ्या काळातही पाहिली आहेत. आपणच अडाणी होतो असे समजू नये. इंग्लंडात या रोगाला ‘राजरोग’ म्हणत आणि राजाने हात लावला की तो बरा होतो असे मानत. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन याला लहानपणी, १७१२ साली, त्याच्या आईने राणी ॲनकडे स्पर्शासाठी नेले होते. राणीने हात लावला. गाठींचे व्रण जन्मभर राहिले. रॉबर्ट कॉकने क्षयाचा जंतू दाखवला तो पुढे १८८२ साली.

आज गाठींच्या क्षयावर औषध आहे, साधारणपणे सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात फुकट, आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसेही मिळतात. २०१८ साली ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केली. खासगी डॉक्टरांनीही क्षयरुग्णाची सरकारकडे नोंद करावी असा नियम २०१२ पासून आहे. नोंद म्हणजे चावडीवर नाव लावणे नव्हे, पण लोकांना तसेच वाटते.

आणि इथेच गाडी अडते. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. डाव्या बाजूला बोराएवढ्या तीन गाठी. तपासणीत क्षय निघाला, छातीचा फोटो स्वच्छ. आईचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. ‘‘डॉक्टरसाहेब, कुठं बोलू नका हं. पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत.’’ मी म्हटले, मी बोलणार नाही, पण तुम्ही बोला. त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात लग्न झाले, मुलगी सासरी गेली आणि गोळ्या माहेरच्या कपाटात राहिल्या. गाठी तेव्हा बऱ्याच बसल्या होत्या, त्यामुळे ‘आता काय गरज’ असेही वाटले असेल. आठ महिन्यांनी ती आली तेव्हा मानेवर दोन ठिकाणी वाहणारी जखम होती. सोबत नवरा होता. तो चिडला नव्हता, हे विशेष. तो एवढेच म्हणाला, ‘‘आधी सांगितलं असतं तर मी स्वतः गोळ्या आणून दिल्या असत्या.’’ नशिबाने जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. व्रण मात्र गळ्यावर राहिलेच, आणि ते लपवायला आता पदर लागतो.

म्हणून स्पष्ट लिहितो. क्षय फक्त गाठीत असेल आणि फुप्फुसे स्वच्छ असतील तर तो माणसापासून माणसाला लागत नाही. ताट वेगळे करायला नको, अंथरूण वेगळे करायला नको, सोयरीक मोडायला तर मुळीच नको. मात्र छातीचा फोटो आणि खोकला असल्यास बेडक्याची तपासणी झाल्याशिवाय ‘फक्त गाठीत आहे’ असे म्हणता येत नाही. लपवण्यात आणखी एक धोका आहे. क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. लघवीला केशरी रंग येतो तोही त्यानेच. नव्या सुनेने चोरून हे औषध घ्यायचे, गर्भनिरोधक गोळीही घ्यायची आणि कोणत्याच डॉक्टरला दुसरीबद्दल सांगायचे नाही, अशाने काय होते ते वेगळे सांगायला नको.

औषध चालू असताना गाठ मोठी झाली किंवा नवी आली तर पुष्कळ जण घाबरून औषध सोडतात. असे काही रुग्णांत होते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराचीच ती खळबळ असते. डॉक्टरांना दाखवावे, औषध मनाने थांबवू नये. सहा महिने संपल्यावर एखादी लहान टणक गाठ उरली, तर तेही औषध फुकट गेल्याचे लक्षण नव्हे.

आता माझ्या व्यवसायबंधूंना थोडे कडू लागेल असे लिहितो. मानेला गाठ, आपल्या भागात क्षय भरपूर, तेव्हा ‘बघू या लागू पडतंय का’ म्हणून तपासणीवाचून क्षयाचा कोर्स सुरू करण्याची पद्धत अजून गेलेली नाही. ती का आहे हे मला कळते. सुईची तपासणी करणारा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. रुग्णच म्हणतो, ‘‘तुम्हीच द्या ना काहीतरी.’’ कळते, पण पटत नाही. विशीतला एक मुलगा असाच चार महिने क्षयाच्या गोळ्या खाऊन माझ्याकडे आला. त्याची गाठ रबरासारखी होती, न दुखणारी. सुरुवातीला ती थोडी कमी झाली होती, म्हणून सगळ्यांना वाटले की औषध लागू पडले. काही रोगांत गाठ अशी मधेच स्वतःहून कमी-जास्त होते. नंतर ती वाढली, रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम येऊ लागला. गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिनचा रोग निघाला. हा लसिकाग्रंथींचाच कर्करोग. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरने त्याचे वर्णन १८३२ साली केले. आज यातले बहुसंख्य रुग्ण बरे होतात, तोही मुंबईला उपचार घेऊन बरा झाला आणि नोकरीला लागला. पण चार महिन्यांपूर्वी जो रोग मानेपुरता असावा तो तोवर छातीतही पोचला होता, आणि त्यामुळे उपचार लांबला. त्याच्या वडिलांनी त्यासाठी बैलजोडी विकली.

उलटही होते. तरुण मुलींत ताप आणि मानेच्या गाठी येणारा किकुची नावाचा एक आजार आहे. जपानात १९७२ साली त्याचे पहिले वर्णन झाले. तो दिसतो हुबेहूब क्षयासारखा, आणि बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. अशा मुलीला सहा महिने क्षयाचे औषध दिले तर ती बरी होते आणि श्रेय गोळ्यांना जाते. यकृतावर ताण पडला, क्षयाचा शिक्का बसला, ते हिशेबात धरायला कोणी नसते.

आणखी एक. गाठ कसली हे ठरण्याआधी ‘सूज उतरायला’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी कर्करोगाची गाठही काही दिवस विरघळल्यासारखी दिसते आणि तपासणी फसते. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके क्षयाला अर्धवट दाबतात, तीही उगाच नकोत. मेडिकल दुकानाच्या काउंटरवरून तर नकोतच.

सुईच्या तपासणीला एफ.एन.ए.सी. म्हणतात. नाव मोठे, काम छोटे. इंजेक्शनला लागते तसलीच बारीक सुई, भूल नाही, टाका नाही, दहा मिनिटांचे काम. ती करून बाजार करून माणसे घरी येतात. ‘सुई लागली की गाठ चिघळते’, ‘कॅन्सर पसरतो’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता वाद घालत नाही. मानेच्या गाठीत सुई घातल्याने कर्करोग पसरत नाही. चिघळते ती क्षयाची मऊ झालेली गाठ, गळू समजून ब्लेडने फोडली तर. तिथे मात्र महिनोन्‌महिने वाहणारी जखम होते.

तपासणीला जाताना एक विचारून घ्या. सुईतून निघालेला सगळा द्रव काचेच्या पट्ट्यांवर जाऊ नये, त्यातला थोडा सलाइनच्या बाटलीत क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी ठेवावा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर ही तपासणी होते. जंतू सापडला तर रिफाम्पिसिन त्याला लागू पडेल की नाही तेही काही तासांत कळते. सरकारी यंत्रणेत ती विनामूल्य आहे. सुईच्या अहवालात ‘साधी सूज’ आली आणि गाठ वाढत नसेल तर विषय संपला, कॅलेंडरही बंद करा. पण अहवाल चांगला येऊनही गाठ वाढतच राहिली तर अहवालावर विसंबू नका. मग पूर्ण गाठ काढून तपासावी लागते, कारण हॉजकिनसारखे रोग सुईत कधी कधी निसटतात. गाठ काढली तर तिचाही एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता साध्या सलाइनमध्ये क्षयाच्या तपासणीला पाठवावा लागतो. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की जंतू वाढवून पाहण्याची सोय राहत नाही. हे शस्त्रक्रियेच्या आधी बोलून ठेवावे.

सोबत रक्ताची साधी तपासणी, एच.आय.व्ही.ची तपासणी आणि छातीचा फोटो एवढे पुरते. थेट महागड्या स्कॅनला धावायचे कारण नाही. सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दर वेळी नवा डॉक्टर आणि प्रत्येकाकडे नवा कागद, असे झाले की गाठ केव्हा केवढी होती ते कुणालाच सांगता येत नाही.

पथ्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. दही, भात, केळी, आंबट यांनी गाठ वाढत नाही, मुलांचे जेवण तोडू नका. दूध मात्र उकळूनच घ्या. जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो. आणि शाळकरी मुलीच्या मानेमागे दोन-तीन बारीक गाठी लागल्या, तर माझ्याकडे यायच्या आधी तिच्या वेण्या सोडून पाहा. उवा आणि फोड गेले की यांतल्या कित्येक गाठी महिन्या-दीड महिन्यात बसतात.